दोन नवे सेन्सर

"आधी हात धुऊन ये," आई म्हणाल्या, "मग खोक्याला हात लाव."

कुरिअरवाल्याची गाडी अजून फाटकाशीच सुरू होत होती. मी ते पांढरं खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात उभी होते आणि तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"आई, हा आपला नाहीये. कंपनीचा आहे. बघून परत द्यायचाय."

"मग काय झालं? उंबरा ओलांडून आलाय ना? पाहुण्याला पाणी देताना तो राहणार आहे की जाणार आहे, ते विचारतो का आपण?"

"आणि तो कुणाला दाखवायचा नाहीये. गुरुवारी कंपनी जाहीर करणार. तोपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. तशी सही केलीये मी."

"मी कुणाला सांगतीये? देवाला तर दाखवायचाय. त्याला कंपनीनं मना केलंय का?"

देवाबद्दल त्या करारात खरंच काही लिहिलेलं नव्हतं.

ही पाचएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी लेक मुक्ता आत्ता पलीकडच्या खोलीत आजीच्या मांडीवर झोपली आहे. ती उठेपर्यंतचा वेळ माझा, आणि तेवढ्यात हे सांगून होईल असं वाटतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, विजयमाला. बार्शीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे ब्लाऊज त्यांनी शिवलेले. सोमेश, म्हणजे माझा नवरा, लहान असतानाच सासरे गेले, आणि पुढचं सगळं आईंनी एकटीनं ओढलं. बोलणं मुळात कमी, आणि जे बोलत ते बहुतेक वेळा तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे त्या रागावल्यात की नाही ते मला लग्नानंतर वर्ष झालं तरी कळत नव्हतं.

मी मागच्या खोलीत बसून 'फोन बघू' नावाचं चॅनेल चालवायचे. नवा फोन कसा आहे, घ्यावा की नको, ते मराठीत सांगायचं. पण नवा फोन म्हणजे नळावडे मोबाईलवाल्यांकडून दोन तासांच्या बोलीवर आणलेला, आणि तोही दिल्ली-मुंबईच्या चॅनेलवाल्यांनी पार चोथा करून सोडल्यावर. बघणारे कितीसे असणार? गल्लीत कुणी विचारलं, सून काय करते, तर आई म्हणायच्या, "असते मागं. बोलत असते." शेवटी त्यांनी ढगे साहेबांच्या पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकला. साहेब हो म्हणाले. एक तारखेपासून काउंटरवर बसायचं ठरलं. मी सोमेशला म्हटलं, एक तारखेच्या आत काही घडलं तर घडलं, नाहीतर जाते मी गुमान.

आणि त्या सोमवारी हे खोकं आलं. वोरिन कंपनीनं, जिची टाकीमो कंपनीशी इतकी जुंपलेली असायची की एकीनं कॅमेरा मोठा केला की दुसरी महिन्याभरात त्याहून मोठा करायची, त्या वोरिननं पहिल्यांदाच एका मराठी चॅनेलला अजून बाजारात न आलेला फोन पाठवला होता. अट एकच. गुरुवारी दुपारी बारापर्यंत गुप्त. फुटलं, तर यादीतून नाव कायमचं गेलं.

मी खोकं उघडलं. पाठ पांढरीशुभ्र, हाताला मऊ लागणारी, दुधावरच्या सायीसारखी. तेवढ्यात कंपनीच्या आर्या सबनीसचा फोन आला. मुंबईत बसून ती चॅनेलवाल्यांचं सगळं बघायची. घरात आवाज तुटायचा म्हणून मी गच्चीवर पळाले. तिनं सगळे नियम पुन्हा एकदा वाचून दाखवले. मी प्रत्येक नियमाला हो म्हटलं.

खाली येऊन बघते, तर फोन देवापुढे चांदीच्या ताटलीत पालथा. कॅमेऱ्याशेजारी एक ठिपका कुंकवाचा, त्याच्याखाली एक हळदीचा. दोन्ही एका रेषेत, सारख्या आकाराचे, ब्लाऊजला हुक लावावेत तसे नेमके. भोवती अक्षता.

"झालं," आई म्हणाल्या. "आता काय बोलायचं ते बोल त्याच्याबद्दल."

ओल्या फडक्यानं कुंकू निघालं. हळद निघेना. मी भांड्यांचा साबण लावला, तर ती तांबूस झाली. लिंबू लावलं, परत पिवळी झाली, पण जागची हलली नाही. शेवटी मी संबंध परीक्षण त्या डागावर अंगठा ठेवून शूट केलं. सोमेश संध्याकाळी ते बघून म्हणाला, "तुझा अंगठा दुखतोय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी फोनच्या बातम्या चाळत होते. एका मोठ्या परदेशी संकेतस्थळावर सगळ्यात वर मथळा होता: वोरिनच्या नव्या फोनला दोन गूढ सेन्सर.

मला आनंदच झाला. म्हटलं, बघा, कुणाकडून तरी फुटलंच. बिचारा. मग मी फोटो उघडला.

पांढरी पाठ. कॅमेऱ्याशेजारी एक लाल ठिपका, एक पिवळा. खाली चांदीचा तुकडा, आणि विखुरलेले तांदळाचे दाणे.

माझा चहा बशीत सांडला. मी वाचत गेले. लाल सेन्सर रक्तातला प्राणवायू मोजत असावा, असं एकाचं म्हणणं. पिवळा अंतर मोजणारा लेझर आहे, यावर बहुतेकांचं एकमत. जर्मनीतल्या कुणी दोन्ही ठिपके पेटलेले दाखवून फोनचं चित्रसुद्धा काढलं होतं. आणि एक तज्ज्ञ लिहीत होता, की फोटो काढणाऱ्यानं आकाराचा अंदाज यावा म्हणून मुद्दाम तांदळाचे दाणे ठेवलेत, तेव्हा हा माणूस कारखान्याच्या आतला आणि मोजमापातला जाणकार असला पाहिजे.

जाणकार माणूस खिडकीशी बसून काजं करत होता.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही काल फोनचा फोटो काढलात?"

"काढला की."

"आणि?"

"स्टेटसला ठेवला."

"मी सांगितलं होतं ना, कुणाला दाखवायचा नाही."

"कुठं दाखवला?" त्यांनी तोंडातला दोरा काढला. "शेजारच्या खटावकरबाई दाराशी आल्या होत्या. बघू म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, सुनेनं मना केलंय, फोटो बघा. हातात कुणाच्या दिला नाही मी. आणि फोटोत देव दिसत नव्हता की घर दिसत नव्हतं, पार जवळून काढलाय. नाव नाही, गाव नाही. कुणाला काय कळणार?"

कळलं ते खटावकर काकूंच्या केदारला. तो कॅनडात असतो आणि त्याला फोनचं वेड. काकूंनी त्याला फोटो पाठवला. त्यानं विचारलं, आई, हा नेटवर टाकू का? काकू म्हणाल्या, टाक की, पूजेचाच आहे.

मी आर्याला फोन लावायला म्हणून उचलला, तर तिचाच वाजला. आवाज असा, की रात्रभर कुणीतरी ओरडलेलं असावं तिच्यावर.

"नेत्रा, पटकन एक सांगा. मुख्य ऑफिसात नुसता गोंधळ चाललाय. कॅमेऱ्यावाले म्हणतात सेन्सर बॅटरीवाल्यांनी बसवले, बॅटरीवाले म्हणतात डिझाईनवाल्यांनी. डिझाईनवाला साहेब रडकुंडीला आलाय, मला न विचारता बसवलेच कसे म्हणून. तुमच्याकडच्या फोनला आहेत का ते दोन ठिपके?"

"होते," मी म्हटलं.

"होते म्हणजे?"

"पुसले."

"सेन्सर पुसले?"

आईंनी हात पुढे करून फोन माझ्या हातातून काढून घेतला, स्पीकर लावला आणि तोंडासमोर आडवा धरला.

"हॅलो, मी नेत्राची सासू बोलतीये. लाल आहे ते कुंकू. पिवळी हळद. तुमच्या फोनला काही झालेलं नाही. आणि नेत्राला यातलं काही माहीत नव्हतं, ती गच्चीवर तुमच्याशीच बोलत होती."

"काकू," आर्या हळूच म्हणाली, "ते तांदूळ..."

"अक्षता. तुमच्याकडं बिनअक्षतांची करतात का पूजा?"

"नाही ओ काकू. माझ्या पहिल्या लॅपटॉपला आजीनं हार घातला होता." मग एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि हसू येऊ नये म्हणून तोंडावर काहीतरी दाबून धरत होती. मग तिनं घसा साफ केला. "नेत्राला द्या ना फोन. नेत्रा, मला हे वर सांगावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा आहे. बहुतेक यापुढे तुमच्या नावावर फोन येणार नाही. मला खरंच वाईट वाटतंय."

फोन ठेवला. मी आत जाऊन कपाट उघडलं आणि एक तारखेला पतसंस्थेत कुठली साडी नेसायची ते बघत बसले. एकही धड दिसेना. आई दारात आल्या, मला बघितलं, परत गेल्या.

बुधवारी दुपारी सोमेश बँकेतून जेवायला आला तो डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून स्वयंपाकघरात शिरला.

"नेत्रा, टाकीमोचा साहेब काय बोललाय बघ."

टाकीमोच्या मोठ्या साहेबाची मुलाखत होती. वोरिनच्या त्या दोन सेन्सरबद्दल विचारल्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि मंद हसला. म्हणाला, हे दोन्ही सेन्सर नवे वगैरे काही नाहीत. आमच्या प्रयोगशाळेनं ते गेल्याच वर्षी बारकाईनं तपासले, आमच्या दर्जाला उतरत नाहीत असं दिसलं, म्हणून आम्ही ते नाकारले.

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं.

सोमेशनं सांगितलं.

"कुणी नाकारलं? माझं कुंकू?" आईंच्या हातातली पोळी तव्याच्या वर तशीच राहिली. "तुळजापूरचं आहे ते."

सोमेशला हेल्मेटच्या आत हसू फुटलं. आत हसलेलं बाहेर कसं यायचं, ते घूं घूं असं घुमायला लागलं, आणि ते ऐकून मी ओट्याला धरून हसत सुटले. आईंना आधी कळेना काय झालं. मग त्यांनी पोळी तव्यावर टाकली, पदर तोंडाला लावला, आणि मी वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे हसताना हलताना बघितले. पोळी करपली.

तासाभरात आर्याचा फोन. ती कुजबुजत होती. "ऐका. कुणीही कुणाला काहीही बोलायचं नाही. खटावकर काकूंनासुद्धा सांगा. वरचे साहेब लोक काल जाम चिडले होते. मग आज त्यांनी ती मुलाखत बघितली."

"मग?"

"मग उद्या बघा. आणि तुमचं परीक्षण ठरल्याप्रमाणे बाराला टाका."

"म्हणजे मी यादीत आहे?"

"ते उद्यानंतर. मला खोटं सांगता येणार नाही तुम्हाला."

मी आणि सोमेश तयार झालेलं परीक्षण परत बघायला बसलो. सगळं छान होतं. अंगठा तेवढा डागावर.

"हळदीचा डाग जात नाही, हे सांगायला हवं," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? आत्ता कुठं त्यांचा पारा उतरलाय. उद्या त्यांचा सगळ्यात मोठा दिवस, आणि तू पांढऱ्या पाठीवर डाग दाखवणार? यादीत राहायचंय ना तुला?"

"राहायचंय."

"मग अंगठा आहे तिथं आहे. कुणाला दिसत नाही."

मी आईंकडे बघितलं. त्या कुणाची तरी बाही उसवत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "घेणार कोण हा फोन? बायकापण घेणार ना?"

"हो."

"मग?"

सोमेश म्हणाला, "आई, तू नको ना मधे."

"मी कुठं काही म्हटलं?"

मी उठले. स्वयंपाकघरात ओट्यावर कॅमेरा लावला आणि तेवढाच भाग नव्यानं शूट केला. हाताला फोडणीची हळद लावली, फोन उचलला, खाली ठेवला, साबण, लिंबू, सगळं दाखवलं. म्हटलं, फोन चांगला आहे, पण ज्या घरात रोज फोडणी होते तिथं हा पांढरा रंग घेऊ नका, निळा घ्या. सोमेश कॅमेऱ्यामागं उभा राहून डोक्याला हात लावत होता, पण चित्रीकरण त्यानं नीट केलं, एवढं मात्र खरं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर. सोमेशनं सुट्टी काढलेली. खटावकर काकू निरोप न धाडताच येऊन बसल्या होत्या आणि गप्प बसायचं कबूल केल्यामुळे ओठ घट्ट मिटून होत्या. वोरिनच्या बाई मंचावर आल्या. इंग्रजीत बोलत होत्या, सोमेश आईंना सांगत होता. बॅटरी झाली, कॅमेरा झाला. मग मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर एकदम आमची चांदीची ताटली आली.

"अगंबाई," खटावकर काकूंचे ओठ सुटले.

"हा फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय," सोमेश भराभर सांगायला लागला. "या दोन सेन्सरबद्दल खूप लिहिलं गेलं. आता खरं सांगते. एक हळद आहे आणि एक कुंकू. भारतातल्या एका घरात एका आईनं आमच्या फोनची पूजा केली. आमचे स्पर्धक म्हणतात, त्यांनी हे गेल्या वर्षी प्रयोगशाळेत तपासलं आणि नाकारलं."

पुढचं सोमेशला सांगता आलं नाही, कारण त्या सभागृहातले लोक हसून हसून खुर्च्यांवर वाकले होते, आणि आमच्याकडे खटावकर काकू टाळ्या वाजवत होत्या. आई मात्र पडद्याकडे एकटक बघत होत्या. "ताटली घासायला हवी होती," एवढंच म्हणाल्या.

बाराला माझं परीक्षण गेलं. ताटली कुणाच्या घरची ते केदारनं तोवर जगाला सांगून टाकलं होतं, त्यामुळे सगळा लोंढा माझ्या चॅनेलवर आला. आकडा इतका भरभर वाढत होता की मी फोन उपडा ठेवला. मला धडकी भरली होती ती वेगळ्याच गोष्टीची. आर्यानं तो डाग बघितला असणार.

ती तिसऱ्या प्रहरी बोलली. "डाग दाखवलात."

"हो."

"आमच्या साहेबांनी दोनदा बघितला तो भाग."

सोमेश समोर भिंतीला टेकून उभा होता.

"पुढच्या वेळी साय-रंगाचा आणतोय आम्ही," आर्या म्हणाली. "तो तुमच्याकडे आधी येईल. बाकीच्यांच्या आधी. विकायला काढण्यापूर्वी तुमच्या ओट्यावर काय काय होतं त्याला, ते कळवा म्हणालेत. आणि काकूंना विचारलंय म्हणून सांगा."

मी फोन ठेवून सोमेशकडे बघितलं, आणि त्यानं मला उचललंच. पंख्याला डोकं लागेल म्हणून आई ओरडल्या. खटावकर काकू मुलाला कळवायला घरी पळाल्या.

सगळं निवल्यावर मी आईंच्या शेजारी चटईवर बसले. कसं विचारावं कळत नव्हतं. "आई, ते एक तारखेचं. तुम्ही ढगे साहेबांकडे शब्द टाकलाय. तुम्हाला खाली बघायला लागू नये, म्हणून मी जाते सहा महिने. चॅनेल संध्याकाळी करीन."

त्या मशीनला तेल घालत होत्या. "तिथं नाही म्हणून सांगितलं मी."

"कधी? आत्ता?"

"सोमवारी."

"सोमवारी? सोमवारी तर फोन नुसता आला होता. काही झालंच नव्हतं."

"तू गच्चीवर होतीस. हसत हसत गेलीस वर, एका पायात चप्पल नव्हती. मी साहेबांना फोन केला. म्हटलं, सून नाही यायची, तिला काम आहे घरी. मग पूजा केली." तेलाचा थेंब त्यांनी बोटानं पुसला. "मशीन घेतलं तेव्हा याच ताटलीत घेतलं होतं हळदकुंकू. ज्याच्यावर पोट भरायचं त्याला करावी लागते. नुसत्या नव्या वस्तूला मी कशाला करीन? मिक्सरला केली होती का?"

मिक्सरला केली नव्हती. मला ते आठवलं, आणि माझे डोळे भरून आले.

"मग मला का नाही सांगितलंत? मी मंगळवारी साड्या काढून बसले होते."

"गुरुवारपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असं तूच म्हणालीस," आई म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यालाच लागू असेल."

त्या असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी त्या थट्टा करत होत्या की खरंच, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रविवारी सकाळी फाटकाशी काहीतरी ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर गेले. 'ब्लाऊज, परकर, झबली शिवून मिळतील' या पाटीखाली सोमेश दुसरी पाटी लावत होता. अक्षरं त्याची, मजकूर आईंचा. 'मोबाईल घेण्याआधी विचारा.'

"हे काय?" मी म्हटलं. "आई, असं दुकान नसतं माझं."

"गल्लीत विचारतात, सून काय करते. मला एका दमात सांगता येत नाही. आता वाचतील."

खटावकर काकू तेवढ्यात समोरून आल्या. त्यांनी पाटी नीट वाचली, चष्मा वर केला आणि थेट आमच्या पायरीवर बसल्या.

"बरं झालं बाई. नेत्रा, केदार मला टाकीमोचा पाठवतो म्हणतोय. तू खरं सांग. घेऊ का नको?"

आईंनी आतून खुर्ची आणून माझ्यासाठी ठेवली. मी बसले, आणि सांगायला लागले.